वाचकांचे प्रश्न : महासाथीनंतरचा रोजगार आणि कोकण

या अंकासाठी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत नोकरी, भरती आणि सरकारी रोजगार योजना यांविषयीचे प्रश्न सर्वांत अधिक होते. त्यांपैकी पाच निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाने विज्ञान शाखेची पदवी घेतली आहे. टाळेबंदीत त्याची पुण्यातील खासगी नोकरी गेली आणि तेव्हापासून तो तलाठी, पोलीस, वनरक्षक अशा भरत्यांच्याच मागे आहे. मध्यंतरी लोटे येथील एका कारखान्यात काम मिळत होते, तेही त्याने नाकारले. या पिढीला कष्ट नको झाले आहेत, असे समजावे काय? (निवृत्त शिक्षक, संगमेश्वर)

उत्तर : आपली काळजी समजू शकते, परंतु आपला निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. आपल्या मुलाने २०२० साली जे पाहिले, ते घराघरांतील तरुणांनी पाहिले. राज्य सरकारची तिजोरी इतकी आटली होती की मार्च २०२० चा पगार कर्मचाऱ्यांना दोन टप्प्यांत देण्याचे ठरले, तरीही तो पगार होता आणि पुढल्या महिन्याचाही येणार होता. त्याच वेळी खासगी आस्थापनांतील असंख्य मुलांना फोनवर एका वाक्यात घरी बसवले गेले. असा अनुभव घेतलेल्या कुटुंबाने सरकारी नोकरीचा ध्यास घ्यावा, यात आळस कोठेच नाही. कोकणाला तर हा धडा नवा नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांची घडी विस्कटली, तेव्हा गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या शेजारीच बेस्ट, गोदी आणि रेल्वेतले नातेवाईक महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर पाठवत होते. ती आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आजही मुलांच्या कानांवर पडते.

अडचण अशी की लोकांची ओढ वाढली त्याच काळात सरकारने दार आणखी लोटून घेतले. ४ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण यांसारखे मोजके विभाग वगळता नवी भरती थांबवण्यात आली. पुढे २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागा निघाल्या, तेव्हा दहा लाखांहून अधिक उमेदवार पुढे आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक जण, आणि खुल्या गटातील उमेदवाराने भरायचे शुल्क एक हजार रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय झाला, त्यावर राज्यभर संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. सरकारी शिक्क्याइतकेच त्यामागचे स्थैर्य तरुणांना हवे आहे, हे त्या संतापातून स्पष्ट दिसले.

म्हणून मुलाशी बोलताना आपण लोट्याच्या त्या कामाविषयी आधी एक गोष्ट विचारावी. ती नोकरी कंपनीच्या पटावरची होती की कंत्राटदाराकडची? नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आणि राज्य कामगार विम्याची नोंदणी मिळणार होती का? या नोंदींची किंमत महासाथीत कळली. राज्य कामगार विम्यात नोंद असलेल्या आणि पुरेसे दिवस वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी गेल्यास, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली, २४ मार्च २०२० पासून त्याला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद झाली होती. ज्याची नोंदच नव्हती त्याला यातले काहीच मिळाले नाही. अशा नोंदींसह मिळणारी खासगी नोकरी त्याने धरावी आणि परीक्षा तिच्या जोडीने द्याव्यात, असे आम्हाला वाटते. राज्य सेवेतील बहुतेक पदांची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आहे. ही मर्यादा उदार आहे खरी, परंतु तिच्यामुळेच थांबण्याचा काळ नकळत लांबतो. किती प्रयत्न करायचे, याची सीमा आपण दोघांनी मिळून आताच ठरवावी.

प्रश्न : वर्तमानपत्रात वाचले की देशातील बेरोजगारीचा दर महासाथीनंतर घटला. आमच्या वाडीत तर मुंबईहून परतलेले पाच-सहा जण अजून गावीच आहेत आणि त्यांना नीट काम नाही. मग खरे काय? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेतल्याशिवाय सरकारी धोरणावर बोलता येणार नाही. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये सुमारे ६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. मात्र या मोजणीत वर्षभरात किमान ३० दिवस कोणतेही आर्थिक काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते आणि घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारी माणसेही त्यातच मोजली जातात. आपल्या वाडीतला जो तरुण भातलावणीला भावासोबत चिखलात उतरतो, मार्चमध्ये बागेत आंबा उतरवतो आणि उरलेले महिने घरी असतो, तो या हिशेबात बेरोजगार ठरत नाही.

याच सर्वेक्षणातील दुसरे आकडे अधिक बोलके आहेत. शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर गेले आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांच्या आसपासच राहिले. देशाची शेती अचानक फायद्याची झाली म्हणून माणसे तिकडे वळली नाहीत. शहराने सोडले तेव्हा जमिनीने सामावून घेतले, आणि त्यातले बरेच जण पुन्हा बाहेर पडू शकले नाहीत. नियमित पगाराच्या नोकऱ्यांचे प्रमाण याच वर्षांत वाढले नाही, उलट स्वयंरोजगारात मोजल्या जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या बरेच पुढे गेले. कामात मोजल्या जाणाऱ्या स्त्रियाही खूप वाढल्या, आणि त्यांतील पुष्कळ जणींचे काम घरच्या शेतीतले, हाती पैसा न देणारे आहे. कोकणात शतकभर पुरुष मुंबईला आणि बाई भातशेतीवर, अशीच व्यवस्था होती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ती बाई नेहमीच राबत होती, कागदावर ती आता अधिक दिसू लागली आहे. मोजणीत दिसणे चांगलेच, परंतु तिच्या खात्यावर मजुरी जमा होत नाही तोवर या वाढीला रोजगारवाढ म्हणायला आमचे मन धजावत नाही.

प्रश्न : परतलेल्या श्रमिकांसाठी केंद्राने २०२० मध्ये मोठे अभियान काढले होते. आमच्या मंडणगड तालुक्यात ते आलेच नाही. का? (ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर : २० जून २०२० रोजी सुरू झालेले गरीब कल्याण रोजगार अभियान १२५ दिवसांचे होते आणि ते सहा राज्यांतील ११६ जिल्ह्यांपुरते होते. ती राज्ये बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, झारखंड आणि ओडिशा ही होत. महाराष्ट्राकडे मजूर ज्या राज्यातून निघाले ते राज्य म्हणूनच पाहिले गेले. आपला चाकरमानी राज्याची सीमा ओलांडत नाही, त्यामुळे स्थलांतरिताच्या त्या चौकटीत तो बसला नाही. वास्तविक त्याची नोंद ई-पासमध्ये होती आणि गावच्या विलगीकरणाच्या वहीतही होती. त्या वहीत ताप, खोकला विचारला जात होता. हाताला कोणते काम येते, हे त्याच वेळी विचारता आले असते. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड, दापोलीपर्यंत नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या, म्हणजे हातही रिकामे होते आणि करण्याजोगे कामही समोर पडले होते. ती संधी हुकली, याची खंत आपल्याइतकीच आम्हालाही आहे.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचतगट आहे. काजू फोडणे आणि आगळ, अमसुले करणे असा छोटा उद्योग काढायचा आहे. बँकेत गेल्यावर सातबारा मागतात, आणि आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांसह वीस-बावीस नावे आहेत. सरकारी योजनेचा आम्हाला उपयोग नाही का? (एक भगिनी, वेंगुर्ला तालुका)

उत्तर : ताई, उपयोग आहे, मात्र योजना कोणती आणि कागद कोणता, हे आधी नीट लावून घ्यावे. आपल्यासाठी दोन योजना जवळच्या आहेत. महासाथीच्या काळातच, जून २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचतगटातील प्रत्येक सदस्येमागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. दुसरी, २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. यात ग्रामीण भागातील महिला उद्योजकाला ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा ५ टक्के घालावा लागतो. पहिल्या योजनेसाठी कृषी विभागाकडे आणि दुसरीसाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे विचारणा करावी.

सातबाऱ्याविषयी सांगायचे तर, सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा जमीन तारणासाठी मागितली जाते आहे की उद्योगाची जागा दाखवण्यासाठी, हे शाखेत विचारून घ्यावे. जागेपुरताच प्रश्न असेल, तर घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा किंवा एखाद्या तयार खोलीचा नोंदणीकृत भाडेकरार पुढे करता येतो. मोकळ्या सामायिक जमिनीवर शेड बांधायची झाल्यास मात्र सहहिस्सेदारांची संमती लागेल. कायमचा मार्ग म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेणे. सर्वांची संमती असेल तर ते सुकर होते, पण निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही जण वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही, ही कोकणातली नित्याची स्थिती असल्याने गणपतीला सगळे गावी येतील तेव्हाच सह्यांचे काम उरकावे.

आणखी एक गोष्ट कर्ज घेण्यापूर्वी ध्यानात असावी. अनुदान रोख हाती येत नाही, ते बँकेत राखून ठेवले जाते आणि हप्ते नीट गेल्यास नंतर कर्जात वळते होते. काजू बी तर मार्च ते मे याच दिवसांत घेऊन वर्षभरासाठी साठवावी लागते. यंत्रापेक्षा बी खरेदीलाच पैसा अधिक अडकतो, म्हणून खेळत्या भांडवलाची मागणी प्रकल्प अहवालातच करावी. यंत्रे आली आणि बी घ्यायला पैसा नाही, अशा अवस्थेत चांगले उद्योग बंद पडतात.

प्रश्न : मी आंबा बागायतदार आहे. टाळेबंदीत नेपाळी राखणदार निघून गेले, तेव्हा गावातली माणसे मिळतील असे वाटले होते, पण मोफत धान्यामुळे लोकांना कामच नको झाले आहे. सरकारने असे धोरण बदलायला नको का? (पावस)

उत्तर : आपली मनुष्यबळाची अडचण खरी आहे, तिचे कारण मात्र धान्यात सापडत नाही. प्राधान्य कुटुंबांतील शिधापत्रिकाधारकाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्यावर भूक भागेल; मुलाची फी, औषध, विजेचे देयक त्यातून भागत नाही. बागेचे काम मोहोराच्या फवारणीपासून मेअखेरच्या काढणीपर्यंतचे, आणि पावसाळा सुरू झाला की पुढच्या मोहोरापर्यंत त्या माणसाकडे कोणी पाहत नाही. झाडावरून पडून जायबंदी झाला तर त्याच्या घरचे काय, याचेही उत्तर त्याच्याकडे नसते. महासाथीनंतर माणूस मजुरीच्या आकड्याबरोबर या गोष्टीही तोलू लागला आहे, आणि तो चुकतो असे आम्ही म्हणणार नाही.

सरकारी पैशाने कोकणातल्या कामाला टिकाऊ रूप दिल्याचे उदाहरण आपल्याच बागायतीत आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्रात हक्क बनली, तिच्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, आणि १९९० पासून फळबाग लागवड तिला जोडली गेली. मुंबईतल्या नोकरदाराने भरलेल्या करातून गावच्या कातळावर, वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली आणि ती लावणाऱ्याला मजुरीही मिळाली. टाळेबंदीनंतरच्या योजनांत असा विचार क्वचितच दिसला. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २३८ रुपये होती, बागेतली मजुरी त्याहून बरीच अधिक, त्यामुळे ती योजना आपले गडी पळवत होती असेही म्हणता येत नाही. फवारणी, छाटणी, जुन्या बागांचे पुनरुज्जीवन ही पावसानंतरची कामे हमीच्या मजुरीशी जोडावीत, अशी मागणी बागायतदार संघटनांनी ग्रामसभांच्या ठरावांसह लावून धरली, तर मजुराचे रिकामे महिने कमी होतील आणि तो गावात टिकेल.

आपल्या हाती आज जे आहे ते असे. बागेत येणाऱ्या प्रत्येकाची ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या संकेतस्थळावर, नोंदणी करून द्यावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना, तसेच पूर्ण अपंगत्व आल्यास त्याला स्वतःला २ लाख रुपये मिळतात. दहा माणसांचे वर्षाचे २०० रुपये आपण भरावेत, आणि हंगामाची बोली करताना पावसाळ्यातल्या साफसफाईचे, गडगे बांधण्याचे दिवसही त्याच बोलीत धरावेत.