मुलांचे वर्तन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बालमार्गदर्शन केंद्रात समुपदेशक आहे. हट्ट, मारामारी, उलट उत्तरे अशा तक्रारी घेऊन पालक येतात, पण दोन-तीन भेटींनंतर बरेच जण येईनासे होतात. काय करावे?

उत्तर : ‘पालकांनाच गरज वाटत नाही’ हे मनातून काढा. गळतीची बरीच कारणे पहिल्या फोनवरच कळतात, फक्त विचारावी लागतात. वेळ देताना दहा मिनिटे जास्त बोला. कामावरून सुटता येते का, धाकट्याला कोण सांभाळेल, घरात कोणाचा विरोध आहे, आधी कुठे दाखवले आणि तिथे काय खटकले? शेवटचा प्रश्न तर चुकवूच नका. ‘चूक तुमचीच’ असे एकदा ऐकलेली आई तेच ऐकायला पुन्हा येत नाही.

पहिली भेट नुसती माहिती लिहून घेण्यात संपवू नका. त्याच संध्याकाळी जमेल असे एक काम द्या : रोज ५ मिनिटे मुलाच्या आवडीचा खेळ, त्यात सूचना नाहीत, प्रश्न नाहीत, टीका नाही. सोपे वाटते, पण बहुतेकांना सूचना दिल्यावाचून राहवत नाही, म्हणून तुमच्यासमोरच करून घ्या.

खरी गळती पुढे होते. रडारडीकडे दुर्लक्ष करायला सांगितले की सुरुवातीला ती वाढते, कारण नेहमीचा उपाय चालेना म्हणून मूल आवाज चढवते. हे आधी सांगितले नसेल तर घरचे म्हणतात, ‘उपचाराने पोरगं जास्तच बिघडलं.’ आणि आवाज टिपेला पोहोचल्यावर पालकांनी माघार घेतली, तर पुढच्या वेळी मूल तिथूनच सुरुवात करते. म्हणून दुर्लक्षासाठी एकच वर्तन निवडा (मारणे, चावणे यांकडे दुर्लक्ष करायचे नसते) आणि तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. ‘केलं का?’ विचारलेत तर ‘हो’ एवढेच ऐकाल, ‘कुठे अडलं?’ विचारा.

निवडलेले वर्तन दिवसातून किती वेळा होते, याच्या रेघा आधी आठवडाभर मारून घ्या. पालकांच्या लक्षात कालचे भांडण राहते. आठवरून पाचवर आलेला आकडा कागदच दाखवतो. वडील येत नसतील तर आईकडून निरोप पाठवू नका, त्यांच्याशी थेट बोला. भेट चुकली तर त्याच दिवशी फोन करून, जाब न विचारता, नवी वेळ द्या.

प्रश्न : समुपदेशकांकडच्या सहा भेटींत माझी मुलगी बरीच सुधारली आहे. आता थांबलो तर चालेल?

उत्तर : एकदम थांबू नका. असे कार्यक्रम साधारण १२ ते २० भेटींचे असतात. सुधारणा लवकर झाली तर त्या कमीही होतात, पण ते समुपदेशकांशी बोलून ठरवा. आधी पंधरवड्याने, मग महिन्याने जा. शाळेची सुटी संपताना किंवा घरात मोठा बदल होताना जुने वागणे डोके वर काढते. एक भेट त्या वेळेसाठी राखून ठेवा.