ऑपेरातील बॅरिटोन गायकाची कारकीर्द किती वर्षे चालते?

आपल्या एकोणीस वर्षांच्या भाच्याचा आवाज ‘खालचा आणि जाड’ आहे आणि बॅरिटोन (पुरुषांचा मधल्या उंचीचा आवाज) म्हणून ऑपेरात तो किती वर्षे गाऊ शकेल, असे आपण विचारले आहे. ढोबळमानाने पंचविशीच्या आसपास लहान भूमिका मिळू लागतात, इटालियन संगीतकार व्हर्दीच्या ऑपेरांतील मोठ्या भूमिकांना आवाज पस्तिशीच्या सुमारास पुरा पडतो आणि प्रकृती चांगली असेल तर साठीनंतरही गाता येते. १९४२ साली जन्मलेल्या इटालियन बॅरिटोन लिओ नुच्ची यांनी व्हर्दीचा ‘रिगोलेत्तो’ पाचशेहून अधिक वेळा केला आणि सत्तरीतही त्यातील सूडाच्या द्वंद्वगीताला ते आपल्या संगीत नाटकांतल्याप्रमाणे वन्स मोअर घेत असत.

मी लिहायला बसलो तो मात्र आपल्या ‘खालचा’ या शब्दामुळे. आवाज फुटल्यावर माझा गळा पेटीवरच्या पांढरी सहा या खालच्या पट्टीत स्थिरावला. माझ्या गुरुजींच्या मते नाट्यपद काळी एकच्या खाली रंगत नाही आणि असा आवाज फार तर भजनात मागे धरायला बरा. महाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्यांनी पेटीवर माझी पट्टी चार अर्ध्या सुरांनी, म्हणजे काळी एकवर चढवली. तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’वर, माझा आवाज फाटला, आणि परीक्षकांनी माझ्याऐवजी पेटीवाल्याकडे पाहिले. परतताना बसमध्ये गुरुजी एवढेच म्हणाले, “रियाज कमी पडला.” त्यानंतर अकरा वर्षे मी गायलो नाही. पहाटे खर्ज भरण्याचे (सर्वांत खालच्या सुरांच्या रियाजाचे) गोडवे गाणारी आपली माणसे खर्जातच राहणाऱ्या गळ्याला मैफलीत बसू का देत नाहीत, हे मला आजही उमगलेले नाही.

पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, अगदी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेवरून, मी व्हर्दीचे ‘इल त्रोव्हातोरे’ पाहिले. काउंट दी लूनाच्या भूमिकेत रशियन बॅरिटोन द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की होते. त्यांना मेंदूत गाठ झाल्याचे त्याच उन्हाळ्यात जाहीर झाले होते आणि उपचारांच्या मधल्या अवधीत ते गायला आले होते. त्यांनी प्रवेश करताच टाळ्यांमुळे प्रयोग थांबला. दुसऱ्या अंकातील ‘इल बालेन’ हे त्यांचे मोठे पद आपल्या भाषेत सांगायचे तर काळी एकच्या तार सप्तकातील तीव्र मध्यमापर्यंत चढते. म्हणजे सतराव्या वर्षी माझ्याकडून जो सूर मागितला गेला, तो याहूनही अर्ध्या सुराने वर होता! पन्नाशी ओलांडलेला, पूर्ण तालमीचा माणूस तिथे अनेक वर्षांच्या तयारीने जातो, आणि तेही काही क्षणांपुरते. ह्वोरोस्तोव्स्की तिथे श्वास न तोडता पोहोचले तेव्हा गुरुजींशी मनातल्या मनात चाललेला माझा वाद माझ्यापुरता मिटला. अखेरीस वादकांनी खालून रंगमंचावर पांढरे गुलाब फेकले.

सायबेरियातील क्रास्नोयार्स्कचा हा गायक १९८९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कार्डिफची जागतिक गायन स्पर्धा जिंकला आणि १९९५ साली चायकोव्स्कीच्या ‘हुकुमाची राणी’ या ऑपेरातील येलेत्स्की या भूमिकेतून मेट्रोपॉलिटनमध्ये आला. तोल सांभाळणे अवघड झाल्यामुळे त्यांना ऑपेराचा रंगमंच सोडावा लागला. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ते वारले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. एरवी आणखी दहा वर्षे ते सहज गायले असते.

म्हातारपणी वरचे सूर निसटले म्हणून बॅरिटोन होणाऱ्या टेनरांची (पुरुषांच्या उंच आवाजाच्या गायकांची) उदाहरणे आपल्याला कोणी दिली तर ती मनावर घेऊ नका. २००९ साली ‘सिमोन बोकानेग्रा’ या ऑपेरापासून प्रसिद्ध टेनर प्लासिदो दोमिंगो यांनी ते केले, मला ते सदैव बॅरिटोनचे कपडे घातलेले टेनरच वाटले. (त्यांची सुरुवात बॅरिटोन म्हणूनच झाली होती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.)

मी व्यावसायिक गायक नाही, हौशी गायकवृंदात मागच्या रांगेत उभा राहतो, त्यामुळे वरील वर्षे अंदाज म्हणूनच धरावीत. शिवाय एकोणिसाव्या वर्षीचा गळा पुढे बासकडेही (पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाकडे) झुकू शकतो. इटालियन आणि जर्मन भाषेची तयारी मात्र आताच सुरू करावी लागेल. गुरू निवडताना पहिल्या दिवशी ते भाच्याला आधी गाऊ देतात की आधी पेटीवर बोट ठेवतात, एवढे पाहा. त्याचा सध्याचा षड्ज कोणत्या पट्टीत आहे, हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही; तेवढे कळवावे.