हॅकेथॉनमध्ये टीममधल्या एकाला कोडिंग फारसं येत नसेल तर त्याला न दुखावता त्याचं काम आपल्याकडे कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की टीम चौघांची आहे, एकाला कोडिंग 'जेमतेम' येतं, 24 तासांत प्रोजेक्ट उभा करायचाय आणि त्याला वाईट वाटू नये एवढंच बघायचंय. अशाच एका टीममधली 'जेमतेम' मी होते. माझं उत्तर सरळ आहे: त्याचं काम आपल्याकडे घेऊ नका.

आमचा प्रोजेक्ट होता अंध विद्यार्थ्यांना परीक्षेचा अर्ज स्वतः भरता यावा यासाठी. सर्व्हर, डेटाबेस बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि फॉर्म माझ्याकडे आला, कारण 'फॉर्म काय, कुणीही करेल'. दुसऱ्या एका टीममध्ये एक अंध मुलगी होती. थोडा वेळ देशील का, असं मी तिला विचारलं, तर रात्री स्वतःचं काम बाजूला ठेवून ती आमच्या टेबलापाशी येऊन बसली. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून, माउसला हात न लावता, नुसतं टॅब दाबत ती फॉर्ममधून गेली आणि कुठे अडतंय ते सांगत राहिली. जन्मतारखेचे तिन्ही रकाने तिला नुसतेच 'एडिट, एडिट, एडिट' ऐकू येत होते, त्यांना लेबलं दिली. सबमिटचं बटण साधं एचटीएमएलचंच (वेबपेजच्या भाषेत तयार मिळतं तेच) राहू दे, हेही तिनेच सांगितलं. सगळं नीट चालायला लागल्यावर पहाटे मी आडवी झाले.

टीमचा कोड आम्ही गिटमध्ये एकत्र ठेवत होतो. उठून ताजा कोड आणायला गिट फेच केलं तर मेन ब्रँचपुढे, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीपुढे, 'फोर्स्ड अपडेट'. टीममधल्या सगळ्यात हुशार मुलाने अख्खा फॉर्म नव्याने लिहून माझ्या कामावर फोर्स पुश मारला होता, म्हणजे माझं पुसून स्वतःचं वर चढवलं होतं. दिसायला देखणा होता, ते मी नाकारत नाही. पण लेबलं काढून रकान्यातच फिकट अक्षरांत सूचना टाकलेल्या, आणि बटणाच्या जागी क्लिक होणारा डिव्ह, म्हणजे बटणासारखा दिसणारा नुसता चौकोन. नुसत्या डिव्हवर टॅब थांबत नाही. थांबावा म्हणून त्याला टॅबइंडेक्स द्यावा लागतो, एंटर आणि स्पेसची सोय वेगळी करावी लागते. यातलं काहीही केलेलं नव्हतं. माझा कोड लॅपटॉपवर आहे, तो परत टाकू, असं मी म्हटलं. 'आता वेळ नाही, डेमोपुरतं चालतंय,' तो म्हणाला.

दुपारी सगळे प्रोजेक्ट टेबलांवर मांडले तेव्हा ती मुलगी मुद्दाम आली. हेडफोन लावला, नाव भरलं, तारीख भरली, टॅब दाबला. बटण लागेचना. मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग हेडफोन काढून मला म्हणाली, "रात्री तर चालत होतं ना?"

परीक्षकांनी माउसने क्लिक करून पाहिलं होतं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि त्या बक्षिसामुळेच आमचा वाद आजवर मिटलेला नाही. 'निकाल लागला ना?' हे त्याचं ठरलेलं उत्तर. ज्यांच्यासाठी तो फॉर्म होता त्यांना तो पाठवताच येत नव्हता, हे त्याला किरकोळ वाटतं. पण त्याचा कोड निर्दोष असता तरी माझं म्हणणं बदललं नसतं. मी झोपलेली असताना, न विचारता माझं काम पुसणं हा उद्धटपणाच. मला हाक मारता आली असती. वेगळ्या ब्रँचवर लिहून 'हे बघ' म्हणता आलं असतं. दुसऱ्याचं काम बसून पहिल्यापासून लिहायला ज्याच्याकडे वेळ होता, त्याने वेळ नसल्याची सबब सांगू नये.

तेव्हा तुमच्या चौथ्याला सुरुवातीलाच एक अख्खा भाग द्या, ज्यातले निर्णय तोच घेईल. अडला तर शेजारी बसा, पण कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या. मदतीला मेंटर असतातच, त्यांच्याकडे त्याला स्वतःला जाऊ द्या. परीक्षकांनी त्याच्या भागाबद्दल विचारलं तर बाकीच्यांनी गप्प बसायचं. 'फ्रंटएंड (म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग) मी केलंय' हे त्या हुशार मुलाचं वाक्य मी शेजारी उभी राहून ऐकलंय. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, को-ऑथर्ड-बाय ही ओळ टाका; 2018पासून गिटहब ही कोड ठेवायची साइट त्यावरून दोघांचीही नावं दाखवतं. मात्र कमिट मोजून कुणाचं काम किती ते ठरवू नका. त्या अंध मुलीचं आमच्या रेपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात, एकही कमिट नव्हतं.

'ही स्पर्धा आहे, शिकवणी नाही' असं कुणी म्हणेलच. विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉनशी जोडलेल्या मेजर लीग हॅकिंग या संस्थेच्या नियमावलीत टीम नवं काय शिकली हा परीक्षणाचा एक निकष आहे, आणि कोड किती सुबक आहे याला महत्त्व नाही असंही तिथे सांगितलंय. 1999 साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे दहा डेव्हलपर कॅनडातल्या कॅल्गरीला पहिल्या हॅकेथॉनसाठी जमले ते एकत्र बसून कोड लिहायला. बक्षिसं वगैरे नंतर आली.

शेवटच्या तासाला काहीच चालत नसेल तर ज्याला येतं त्याने हातात घ्यावं, हे मलाही मान्य आहे. पण त्याला सांगून, शेजारी बसवून. आणि प्रकरण कामापुरतं नसेल, कुणी अंगचटीला येत असेल, टोमणे मारत असेल, परवानगीशिवाय फोटो काढत असेल, तर समजूत घालत बसू नका, थेट आयोजकांकडे जा.

बाकी, त्या चौथ्याला स्वतःला काय करायचंय हे तुम्ही त्याला विचारलंय का? प्रश्नात ते कुठेच दिसलं नाही.