पहाटे चारची बाटली

ताई,
मुलगी चार महिन्यांची आहे, अंगावरच पाजते. गरोदरपणाआधी वजन ५८ होतं, आता ६९ आहे. मार्गशीर्षात नणंदेचं लग्न, म्हणजे जेमतेम नऊ आठवडे. तोवर ६० वर यायचंय, पैठणीवरचा ब्लाउज दंडावरून वर सरकतच नाही. महिन्यापासून लाडू, तूप, भात बंद केलं. दुपारी एक भाकरी, रात्री फक्त जिऱ्याचं पाणी. सकाळी सहाला उठून चाळीस मिनिटं चालते. चार किलो उतरलं, पण दूध कमी झालं. संध्याकाळी मुलगी ओढून ओढून रडते. सासूबाई म्हणतात, लाडू सोडलेस म्हणून. (रात्री काही त्रास नाही. दहाची आणि पहाटे चारची बाटली सासूबाई देतात, ती त्यांच्याच खोलीत निजते. त्यामुळे ह्यांची झोप मोडत नाही आणि मलाही सहाला उठता येतं.) दूध न घटता वजन कसं उतरवू?
– एक आई, चिंचवड

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडले. लाडू आणि तुपाबद्दल इतकं लिहिलंस, आणि जे खरं घडलंय ते कंसात टाकून दिलंस.

तुझं दूध लाडू सोडल्याने आटलेलं नाही. रात्री दहापासून तू चालून येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ तास, ते कुणी मागतच नाही म्हणून आटतंय. अंगावरचं दूध मागणीवर येतं. छाती रिकामी झाली की शरीर पुन्हा भरायला घेतं. ती तासन्‌तास भरलेली राहिली की हात आखडता घेतं. त्यातून दूध तयार करणारं जे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, त्याचं प्रमाण रात्री जास्त असतं. म्हणजे तू नेमक्या सगळ्यात दुधाळ वेळा बाटलीला देऊन टाकल्यास. पहिले काही दिवस पहाटे छाती दाटून दगड झाली असेल, गाऊन भिजला असेल. मग ते थांबलं आणि तुला हायसं वाटलं असेल. दूध त्याच दिवसांत कमी व्हायला लागलं.

आता वजनाचं बघ. दोन वेळच्या पाजण्यात मिळून दोनशे मिलिलिटर तरी दूध जातं. तेवढं दूध तयार करायला शरीराला दीड-पावणेदोनशे कॅलरी लागतात. तुझ्या चाळीस मिनिटांच्या चालण्यात साधारण तेवढ्याच जळतात. ज्या चालण्यासाठी तू पहाटेची लेक दुसऱ्या खोलीत ठेवलीस, त्याने जे कमावलं ते त्या दोन बाटल्यांनी परत घेतलं. वर दूध गेलं ते वेगळंच.

आणि ‘ह्यांची झोप’! बाळ चार महिन्यांचं आहे आणि घरात झोप फक्त एकाच माणसाची जपली जातेय. तुझ्या नवऱ्याला ऑफिस असेल, मला मान्य आहे. तुलाही दिवसभर एक चार महिन्यांची मुलगी आहे. त्याला पाजता येत नाही, बाकी सगळं येतं. पाळण्यातून बाळ उचलून तुझ्या हातात देणं, लंगोट बदलणं, ढेकर काढून पुन्हा निजवणं, तुला पाणी देणं. सासूबाई मायेने उठतात हे खरं, पण बाटली घेऊन उठणं ही या घडीला मदत नाही. त्यांना सकाळी सात ते नऊ मुलगी दे. तेल लावू देत, न्हाऊ घालू देत, उन्हात घेऊन बसू देत. ते दोन तास तू झोप. सहाला उठायचं बंद. चालायला संध्याकाळी जा, पोरीला सोबत घेऊन.

तेव्हा माझं सांगणं एकच. आज रात्रीपासून पाळणा तुझ्या पलंगाला लागून आला पाहिजे. उद्यापासून नाही, आज. दहाला आणि चारला आधी दोन्ही बाजूंनी पाज. त्यानंतरही ती भुकेलीच राहिली तर पहिले काही दिवस वरचं दूध दे, पण पाजल्यावर, आणि रोज थोडं थोडं कमी करत. उपाशी मात्र ठेवायचं नाही. दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला होतोय ना, एवढं मोज. आठवड्याने बालरोगतज्ज्ञांकडे तिचं वजन करून घे. तुझं नाही, तिचं. पाळी लांबवण्यासाठी किंवा पुढचं मूल लांबवण्यासाठी गोळ्या चालू असतील तर त्यात इस्ट्रोजेन आहे का, हे डॉक्टरांना विचार. त्यानेही दूध घटतं.

आता जेवण. दुपारची एक भाकरी आणि रात्रीचं जिऱ्याचं पाणी, हे बाळंतिणीचं खाणं नव्हे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी जास्त सांगते. वजन उतरवायचं म्हणून त्यातल्या दोन-तीनशे सोडल्यास तर बिघडत नाही. तू सगळंच सोडलंस. असं उपाशी राहिल्यावर शरीर आधी आईला झिजवतं, आणि फार दिवस चाललं की दुधावरही येतं. रात्री ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट मुगाचं वरण, पालेभाजी, दही आणि चमचाभर तूप, हे जेवायचंच. अंडं खात असशील तर तेही. काटछाट करायचीच तर चहाची साखर, चहासोबतची बिस्किटं आणि फरसाण यात कर. लाडवाने दूध येतं हे सासूबाईंचं म्हणणं खरं नाही, पण सकाळी एक खाल्लास तर त्याने वजनही वाढणार नाही. माझ्या बाळंतपणात आई रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आणि डब्यात एक अळिवाचा लाडू ठेवायची. पहाटे पाजताना पोटात खड्डा पडतो तो तिला माहीत होता. तुझा खड्डा तू जिऱ्याच्या पाण्याने भरतेयस, हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

वजन उतरतं गं, पाजतानाही उतरतं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या, फक्त अंगावर पाजणाऱ्या ४० आया होत्या. ज्यांनी थोडं कमी खाल्लं आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला, त्यांचं दहा आठवड्यांत सरासरी ४.८ किलो उतरलं, आणि त्यांची बाळं इतर बाळांसारखीच वाढली. म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. तू आठवड्याला एक किलोचा ध्यास घेतलायस. अर्ध्या किलोच्या हिशेबाने मार्गशीर्षापर्यंत तू चौसष्ट-पासष्टवर येशील. साठवर नाही.

साठवर येणार नाहीस म्हणून ब्लाउजचं काय करायचं, तेही सांगते. चांगल्या शिंप्याने पैठणीच्या ब्लाउजला आत माया ठेवलेली असते. बाहीची आणि कुशीची शिवण उसवून घे, कोपऱ्यावरच्या शिंप्याला दे. दुपारी दिलास तर संध्याकाळी चालायला जाशील तेव्हा आणता येईल.