"चार वेळा आलो मॅडम, फरक काही नाही"

"चार वेळा येऊन गेलो मॅडम. पोरगा उलट जास्तच करायला लागलाय. आता थांबावं म्हणतो." मुलांच्या हट्टी वागण्यावर पालकांबरोबर काम करताना हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की एका घराची गोष्ट सांगतेच, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा सात वर्षांचा. मोबाइल काढून घेतला की ताट भिरकावायचा, आईला चावायचा. आई अर्धी रजा टाकून एकटीच यायची. घरी जाऊन सासूबाईंना आणि नवऱ्याला सगळं समजवायचं आणि ऐकायचं काय, तर "तुझ्याच लाडानं बिघडलाय." अशी बाई दमणारच.

मी म्हटलं, "थांबा हवं तर. पण एकदा सासूबाईंना घेऊन या. आणि भिंतीवरचं कालनिर्णयही."

त्यावर आजी दुधाचा हिशेब लिहायच्या. रडारड किती मिनिटं चालली तेही तिथेच लिहा, असा निरोप मी दुसऱ्या भेटीतच धाडला होता.

आजींनी पान टेबलावर पसरलं. 'अर्धा लिटर'च्या खाली पेन्सिलीने आकडे: २०, २५, ४०, ६०.

"साठच्या दिवशी काय झालं, आजी?"

"मीच दिला मोबाइल. जीव तुटतो हो बाई."

"मग त्या दिवशी तो काय शिकला?"

आजी बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तासभर रडलं की मिळतं."

मी मुद्दामच गप्प राहिले. हेच मी सांगितलं असतं तर त्यांच्या लेखी ती आणखी एक शिकवणी ठरली असती.

हट्टाला दाद मिळेनाशी झाली की मूल आधी जोर वाढवतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतलं वागणं टिपून हे चक्र दाखवलं: मूल ओरडतं, मोठे माघार घेतात, दोघांनाही घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणून तेच पुन्हा घडतं. माझं सगळं काम याच पायावर उभं आहे. आणि माझ्या अनुभवात पालक उपचार सोडतात ते नेमके हा जोर वाढतो त्या आठवड्यात.

म्हणून आता पहिल्याच भेटीत सांगते, त्रास आधी वाढेल, तेव्हा मला फोन करा. घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांनी एकदा तरी यावं. येणं जमत नसेल तर तसं सांगा, फोनवर बोलू. दुर्लक्ष रडण्याकडे करायचं. चावणं-मारणं मात्र तिथल्या तिथे थांबवायचं. मूल स्वतःला इजा करत असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून, मोफत बोलता येतं.

आजींनी कालनिर्णयाची गुंडाळी केली. "पुढच्या बुधवारी मी आणते त्याला. हिची रजा कशाला घालवायची?"

बाबा अजून आलेले नाहीत. पण रोज रात्री दहा मिनिटं, मुलगा सांगेल तो खेळ खेळतात. त्याची खूण आजी लाल पेनाने करतात.