इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अ‍ॅनिमे चाहत्यांना कोणती संकेतस्थळे उपयोगी पडत होती? त्यांचा आज काही उपयोग आहे का?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मी अनुभवावरून देऊ शकतो. त्या काळाविषयी बोलताना बहुतेक जण अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे भाग कोठून उतरवून घेता येत एवढेच सांगतात आणि विषय संपला असे मानतात. मला ते अपुरे वाटते. भाग पाहायला मिळणे हा प्रश्न आज ना उद्या सुटत असे. आपण जे पाहिले ते कोणी केले, कधी केले आणि आपल्यापर्यंत पोहोचताना त्यातले काय कापले गेले, हे कळणे मात्र फार अवघड होते. ज्या संकेतस्थळांनी ते सांगितले, तीच मी उपयुक्त मानतो.

माझ्यापुरता हा विषय मोगलीपासून सुरू झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘जंगल बुक’ आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवते. पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असताना आमच्या बाईंनी वर्गात सहज सांगितले की ती मालिका मुळात जपानी आहे. २०००च्या सुमारास घरातल्या एका लग्नात मी हे बोलून दाखवले, तेव्हा माझ्या थोरल्या मामेभावांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते सर्वांसमोर खोडून काढले. त्यांचा युक्तिवाद असा होता की कथा किपलिंगची, जंगल मध्य प्रदेशातले, गाणे गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, मग यात जपान आला कोठून? मी इंटरनेटवर शोधून दाखवतो म्हणालो, त्यावर ते म्हणाले, “तिथे कोणीही काहीही लिहितो. छापील पुस्तकात दाखव, मग मान्य करतो.” मालिकेविषयीच्या मतभेदाचे मला फारसे वाटले नाही, परंतु ज्ञान फक्त छापील कागदावरच असते हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

शोध वाटला होता तितका सोपा नव्हता. मालिकेचे नाव कोणत्याही शोधयंत्रात घातले की डिस्नेच्या चित्रपटाची पाने समोर येत, कारण त्या यंत्रांना एकाच नावाच्या दोन कलाकृतींमधला फरक कळत नव्हता. तो फरक माणसांनी हाताने लावलेल्या सूचीला कळत होता. ‘अ‍ॅनिमे वेब टर्नपाइक’ ही ती सूची, सगळे तिला अ‍ॅनिपाइक म्हणत. जे हार्वी यांनी ती अमेरिकेत १९९५मध्ये सुरू केली. तिच्यात स्वतःची माहिती जवळजवळ नव्हती. मालिका, निर्मितीसंस्था, कलावंत अशा विभागांत लावलेले हजारो दुवे एवढेच तिचे स्वरूप होते, आणि इंग्रजी जाणणारा चाहता कोणत्याही देशातला असला तरी तो आपला शोध बहुधा तेथूनच सुरू करत असे. तिच्यातील ‘निप्पॉन अ‍ॅनिमेशन’ या निर्मितीसंस्थेच्या विभागातून मी एका चाहत्याच्या इंग्रजी पानावर पोहोचलो. तेथे हव्या त्या मालिकेचे नाव होते, १९८९ हे वर्ष होते आणि भागांची संख्या ५२ दिलेली होती. मला सर्वांत मोलाची वाटली ती पानाच्या तळाशी असलेली टीप. श्रेयनामावली जपानी प्रक्षेपणाच्या चित्रफितीवरून उतरवून घेतली आहे आणि त्यातील दोन नावांच्या वाचनाविषयी खात्री नाही, असे त्या अनोळखी माणसाने स्पष्ट लिहिले होते. एवढा प्रामाणिकपणा मी छापील चित्रपट-कोशांतही क्वचितच पाहिला आहे.

त्या पानावरून एका जपानी चाहत्याच्या वैयक्तिक पानाचा दुवा होता. तो उघडल्यावर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हांची गर्दी दिसली, कारण डेक्कनजवळच्या त्या सायबर कॅफेतील संगणकांवर जपानी फाँट नव्हता आणि मालक काहीही नवे बसवू देत नव्हते. अशा वेळी ‘शोदोका’ नावाची सेवा कामी येई. ज्या पानाचा पत्ता आपण देऊ, ते पान ती स्वतः आणत असे, त्यातील जपानी अक्षरांची चित्रे करत असे आणि ती चित्रे आपल्या ब्राउझरकडे पाठवत असे. त्यामुळे फाँट नसलेल्या यंत्रावरही जपानी वाचता येत होते. का-पिंग यी यांनी ती तयार केली होती. अ‍ॅनिमेसाठी म्हणून ती बनवलेली नव्हती, तरी तिच्याइतका उपयोग मला त्या वर्षांत अ‍ॅनिमेच्या कोणत्याही संकेतस्थळाचा झाला नाही. चित्रांमुळे पान फार सावकाश येई आणि तासाचे पैसे वाढत, म्हणून मी इंग्रजी पाने १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर साठवून घरी वाचत असे आणि कॅफेतला वेळ जपानी पानांसाठी राखून ठेवत असे.

अक्षरे दिसली तरी नावे वाचता येतात असे नाही. जपानी व्यक्तिनामांची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली अक्षरे, एकच असून तिची वाचने अनेक असू शकतात, आणि कोणते वाचन खरे हे संदर्भावाचून ठरवता येत नाही. येथे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या जिम ब्रीन यांच्या कोशांनी मदत केली. त्यांनी १९९१मध्ये सुरू केलेला ‘ईडिक्ट’ हा जपानी-इंग्रजी शब्दकोश आणि त्याच्या जोडीचा ‘ईनॅमडिक्ट’ हा नामकोश दोन्ही विनामूल्य होते. दिग्दर्शकाच्या नावाची संभाव्य वाचने मी नामकोशातून काढली, इंग्रजी पानावरील नावाशी ताडून पाहिली, आणि ‘कुरोकावा फुमिओ’ हे नाव दोन्हीकडे जुळले. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची निर्मिती, टीव्ही टोकियोवरील १९८९-९०मधील प्रक्षेपण आणि ५२ भाग, एवढे दोन स्वतंत्र पानांवरून सिद्ध झाले. मी सगळे छापून घेतले आणि दिवाळीत दादांपुढे ठेवले. त्यांनी ते चाळले आणि प्रिंटरने छापलेला कागद म्हणजे पुस्तक नव्हे असे सांगून परत दिले. तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आता अन्य संकेतस्थळांविषयी. वेबच्या आधीपासून यूझनेट या इंटरनेटवरील चर्चागटांच्या जाळ्यावर ‘रेक.आर्ट्स.अ‍ॅनिमे’ हा चर्चागट होता, आणि नवख्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची त्याने जपलेली उत्तरे उत्तम दर्जाची असत. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी आणि त्यांची निर्मितीसंस्था जिब्ली यांच्यासाठी ‘नाउसिका.नेट’ हे स्थळ होते. ‘नाउसिका’ या चित्रपटाची १९८५ची अमेरिकी आवृत्ती वीसहून अधिक मिनिटे कापून प्रदर्शित केली गेली होती, आणि मूळ चित्रपटात काय होते हे समजून घेण्यासाठी तेव्हा त्यासारखे दुसरे ठिकाण नव्हते. ‘सेलर मून’ या मालिकेच्या बाबतीतही असेच झाले. पहिल्या पर्वाचे ४६ भाग अमेरिकेत ४० करून दाखवले गेले, आणि कोणते गाळले, कोणते जोडले, कोणत्या पात्राचे नाव बदलले, याची भागवार नोंद चाहत्यांनीच ठेवली. हितोशी दोई यांनी मालिकांचे इंग्रजी सारांश आणि जपानी आवाज-कलावंतांची जी सूची केली, ती अनेक वर्षे सर्वांचा आधार होती. १९९८मध्ये जस्टिन सेवाकिस यांनी सुरू केलेले ‘अ‍ॅनिमे न्यूज नेटवर्क’ आजही चालू आहे, आणि त्याचा विश्वकोश मी अजून वापरतो.

त्यानंतर आलेल्यांपैकी ‘अ‍ॅनिडीबी’चा उल्लेख केलाच पाहिजे, कारण फाइलच्या नावावर न विसंबता तिच्या हॅशवरून, म्हणजे फाइलच्या आशयातून काढलेल्या ओळखखुणेवरून, ती नेमकी कोणत्या गटाने केलेली आणि कोणत्या भागाची आहे हे ते सांगते. ‘अ‍ॅनिमेसुकी’ बिटटोरंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीने मिळणाऱ्या फॅनसबची, म्हणजे चाहत्यांनी स्वतः उपशीर्षके लावलेल्या भागांची, सूची देत असे, परंतु उत्तर अमेरिकेत ज्या मालिकेचे हक्क विकले गेले, ती मालिका सूचीतून काढून टाकली जाई. डिसेंबर २००४मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीचे पत्र आल्यावर त्या कंपनीच्या मालिकाही त्यांनी काढल्या. चाहत्यांनी स्वतःवर घालून घेतलेला हा नियम मला आदरणीय वाटतो.

‘मायअ‍ॅनिमेलिस्ट’ २००४मध्ये आले आणि लोकांना आपण पाहिलेल्या मालिकांची यादी ठेवण्याची उत्तम सोय झाली. मात्र त्याबरोबर दहापैकी गुण देण्याची जी सवय सर्वत्र पसरली, तिने माझ्या मते चाहत्यांच्या लिखाणाचे मोठे नुकसान केले. ८.२ हा आकडा कोणी, का आणि कशाच्या आधारे दिला हे त्यातून कळत नाही. ज्या दादांना चित्रफितीवरून नावे उतरवणाऱ्या आणि आपली शंका उघड नोंदवणाऱ्या माणसाचे पान विश्वासार्ह वाटले नव्हते, ते आज मुलांना कोणती मालिका दाखवायची हे याच आकड्यांवरून ठरवतात आणि त्याला माहिती म्हणतात. कागद की पडदा हा मुद्दाच नाही. ‘मला हे कसे कळले’ हे लिहिणारा विश्वासार्ह, आणि न लिहिणारा पुस्तकात छापला गेला तरी अविश्वासार्ह. आपण कोणतेही संकेतस्थळ निवडाल तेव्हा हीच कसोटी लावावी, असा माझा आग्रह आहे.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फॅनसब विनामूल्य वाटले जात असले तरी परवानगीवाचून केलेले असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते प्रताधिकाराचे उल्लंघनच होते, आणि आज अधिकृतपणे पाहण्याची सोय असताना त्यांचे समर्थन करण्याचे कारण उरलेले नाही. वैयक्तिक पानांत चुकाही पुष्कळ असत, विशेषतः पात्रांच्या नावांत. भारतात कोणत्या वाहिनीने काय दाखवले आणि काय कापले याची इतकी काळजीपूर्वक नोंद मराठीत मला कोठे आढळली नाही. आपल्याकडे जुन्या ध्वनिचित्रफिती असतील तर ते काम आपण जरूर हाती घ्यावे.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात सांगतो. चाहत्यांची बरीच पाने जिथे होती ती जिओसिटीज ही विनामूल्य वैयक्तिक पाने ठेवण्याची सेवा २००९मध्ये आणि तिची जपानी शाखा मार्च २०१९मध्ये बंद झाली, त्यामुळे मूळ पाने थेट उघडणार नाहीत. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या साठ्यात १९९६पासूनच्या प्रती आहेत. तेथे प्रथम अ‍ॅनिपाइकचे जुने पान उघडावे आणि त्यातील दुव्यांवरून पुढे जावे, कारण पत्ता माहीत नसेल तर त्या साठ्यात शोध घेणे कठीण असते. चित्रे बहुधा गहाळ असतात, मजकूर मात्र पुष्कळदा शाबूत मिळतो. जपानी पान निरर्थक चिन्हांत दिसले तर फायरफॉक्स ब्राउझरमधील मजकुराची संकेतप्रणाली दुरुस्त करण्याची सोय वापरावी. त्या काळातील बरीचशी पाने शिफ्ट-जेआयएस किंवा ईयूसी या प्रणालींत लिहिलेली आहेत आणि त्यानंतर ती सहसा नीट वाचता येतात.