रेसच्या गाड्यांचे फोटो निर्जीव येतात, महागडा कॅमेरा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय, ‘शटर १/२००० ठेवूनही गाड्या उभ्या असल्यासारख्या दिसतात.’ ठेवूनही नाही, ठेवता म्हणूनच. कॅमेरा बदलू नका, शटर खाली आणा, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहू द्या.

ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १/२००० सेकंदात गाडी अडीच सेंटिमीटर सरकते आणि दोन मीटर घेराचं चाक जेमतेम साडेचार अंश फिरतं. स्पोक मोजून घ्यावेत इतकं ते स्थिर दिसतं. १/१२५ ला तीच गाडी ४० सेंटिमीटर जाते, चाक एक पंचमांश फेरी घेतं. तेवढा वेळ तुम्ही गाडीबरोबर वळत राहिलात तर गाडी शार्प राहते आणि बाकीचं जग मागे ओढलं जातं. पॅनिंग म्हणतात ते एवढंच.

मला हे कोणी शिकवलं नाही, उलट यावरून बोलणी खाल्ली आहेत. सोळाव्या वर्षी मामाचा फिल्मचा कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स मागून घेऊन मी पहिल्यांदा रेसला गेलो. एकच रोल, ३६ फोटो. पहिले तीस मी १/१००० वर काढले, कारण मला डार्करूम शिकवणाऱ्या काकांचा तसा दंडकच होता. ते स्टुडिओतले कसलेले माणूस. फोटो म्हणजे क्षण थांबवणं, असं ते म्हणायचे. संध्याकाळी आभाळ भरून आलं. फिल्म शंभरची, म्हणजे भरपूर उजेड मागणारी, लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ/४ च्या पुढे उघडत नव्हतं, आणि उजेड मोजणारा मीटर १/६० च्या वर जायला तयार नव्हता. फोटो वाया जाणार हे धरूनच चाललो होतो. पण शेवटच्या फेऱ्या चालू होत्या, आणि गाडी समोरून गेली की तिच्यामागे मान फिरवायची सवय मला लहानपणापासूनची. इंजिनाच्या आवाजावरून गिअर कधी खाली पडतोय, ब्रेक कुठे लागतोय हे कळायचं. तशीच मान फिरली, मानेबरोबर कॅमेरा फिरला आणि बटण दाबलं गेलं.

एकतिसाव्या फोटोत ड्रायव्हरचं हेल्मेट स्वच्छ दिसत होतं, चाकांच्या तबकड्या झाल्या होत्या आणि मागची माणसं रंगाच्या पट्ट्यांसारखी पसरली होती. आधीच्या तीसांत एकही गाडी पळत नव्हती. ही पळत होती.

काकांनी काँटॅक्ट शीटवर, म्हणजे अख्खा रोल छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिलीनं त्यावरच फुली मारली. ‘हलला.’ मी म्हटलं, गाडी नाही हलली, मागचं हललंय. ते म्हणाले, ‘मागचं हललं तरी फोटो हललाच.’ मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी फ्रान्सच्या जाक-आंरी लार्तिगचा रेसच्या गाडीचा तो प्रसिद्ध फोटो पाहिला, १९१२ चा म्हणून ओळखला जाणारा. तोही हौशी फोटोग्राफरच, मोटारींचं वेड असलेला पोरगा. गाडी चौकटीतून अर्धी बाहेर गेलेली, मागचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं, बघे उलट्या दिशेला कललेले. त्या काळच्या शटरमध्ये पडद्यातली फट चित्रावरून सावकाश सरकायची. जमीन आधी उमटायची, वरचा भाग नंतर. लार्तिग गाडीबरोबर वळत होता, पण गाडी त्याच्यापेक्षा वेगात होती, म्हणून गाडी पुढे झुकली आणि माणसं मागे. त्याला स्वतःला तो फोटो फसलेला वाटला होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं आणि जगाला तो माहीत झाला, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. मी तो फोटो काकांना नेऊन दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘यानेही हलवलाय.’ मी आजही म्हणतो की काका चूक होते. क्षण थांबवायचा असेल तर उभ्या वस्तूंचे फोटो काढावेत. रेसमध्ये थांबण्यासारखं काय असतं?

तर तुमच्याकडे आहे तोच कॅमेरा घ्या. १/२५० पासून सुरुवात करा, हात बसला की १/१२५, मग १/६०. पाय रोवून कमरेतून वळा. गाडी दूर असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये धरा आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि फोटो घालवतात. शंभरातले पाच जमले तरी पुष्कळ. शटर एवढं हळू असलं की भर उन्हात अपर्चर फार बंद करावं लागतं, तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावा.

हेही सांगायला हवं की गाडी थेट अंगावर येत असेल तर पॅनिंगचा काही उपयोग नाही, तिथे १/१००० च लागतं. जाळीमागून काढताना लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अपर्चर पूर्ण उघडा, जाळी विरघळते. मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यानं गाडी तिरकी होते. लार्तिगला शोभलं, पण रोज ते नको. लेन्स लांब हवी, हे मात्र खरं. पैसे असतील तर तिथे घाला.

आणि मैदानावर उभ्या उभ्या छोट्या स्क्रीनवर बघून फोटो उडवू नका. घरी मोठ्या पडद्यावर बघा. शेजारी कोणी ‘हलला’ म्हणालं तर आधी हेल्मेट बघा. ते स्वच्छ असेल तर फोटो ठेवा. माझ्या काँटॅक्ट शीटवरची लाल फुली आता फिकट झाली आहे, पण भिंतीवर मोठा करून लावलेला फोटो एकतिसावाच आहे.